छोटे आकडे गुपचूप शून्य होतात, ते चालतं का तुम्हाला?

शून्यवादी: ०.१ + ०.२ कंप्युटरवर नेमकं ०.३ येत नाही याचे जोक्स खूप झाले, तो विषय नको. माझी तक्रार वेगळी आहे. पायथॉनमधे मॅथ मॉड्यूलच्या एक्स्पला (ई चा घात काढणारं फंक्शन) १००० दिलं की ओव्हरफ्लो, म्हणजे आकडा मावत नाही, असा एरर येतो, आणि त्याच फंक्शनला उणे १००० द्या, निमूट ०.० हातात. मोठा आकडा मावला नाही तर आरडाओरडा आणि छोटा मावला नाही तर चकार शब्द नाही, हा कुठला न्याय? स्पॅम फिल्टरमधे शेकडो शब्दांच्या प्रोबॅबिलिटीज गुणत गेलं की स्पॅम आणि साधा मेल, दोन्ही बाजूंना शून्य येतं आणि आपला कोड शून्याची शून्याशी तुलना करत बसतो. वॉर्निंग बाय डिफॉल्ट हवी.

दशांशचिन्ह: अजिबात नको. बहुतेक ठिकाणी शून्य हेच योग्य उत्तर असतं राव. आणि एकदम शून्य होतही नाही, १९८५ च्या आयईईई ७५४ या दशांश आकड्यांच्या स्टँडर्डमधे त्याची सोय आहे: साधारण २.२ई-३०८ (म्हणजे २.२ गुणिले दहाचा उणे ३०८ वा घात) च्या खाली एकेक बिट गमावत आकडा ५ई-३२४ पर्यंत तग धरतो, मग संपतो. तुझ्या फिल्टरमधे गुणाकाराऐवजी लॉग घेऊन बेरीज कर, विषय संपला.

शून्यवादी: लॉग घ्यायचा हे ज्याला माहितीये त्याला वॉर्निंग लागतच नाही. ज्याला माहिती नाही त्याचं काय? त्याच स्टँडर्डमधे अंडरफ्लोचा (आकडा मावण्याइतका मोठा न राहण्याचा) फ्लॅग, म्हणजे खूणसुद्धा आहे, बहुतेक भाषा तो आपणहून दाखवत नाहीत एवढंच.

पर्लवाला: तुम्ही दोघं ३०८ व्या घरावर भांडताय, रोजची बोंब सोळाव्या अंकाला असते. १ मधे १ई-१६ मिळवा, उत्तर परत १ च. आणि छापताना तर कोणी खरं बोलतच नाही, पर्ल ०.१ + ०.२ ला १५ अंकांवर राउंड करून ०.३ दाखवतं आणि ०.३ शी तुलना केली की म्हणतं सारखे नाहीत. जावास्क्रिप्ट तर कहर, पार्सइंटला (स्ट्रिंगमधून पूर्णांक काढणारं फंक्शन) ०.०००००५ दिलं की ० येतं आणि अजून एक शून्य घालून ०.००००००५ दिलं की ५! कारण आधी त्याची ‘५ई-७’ अशी स्ट्रिंग होते आणि पार्सइंट ई दिसला की थांबतं. अरे आकडा लहान केला तर उत्तर वाढलं?

दशांशचिन्ह: तो पार्सइंटचा गैरवापर आहे, ते स्ट्रिंगसाठी असतं. अपूर्णांक कापायला मॅथ ट्रंक वापरा.

कोडकरी: डेसिमल (दशमान पद्धतीत हिशोब करणारं मॉड्यूल) वापरा की सगळे, पायथॉनमधे २.४ पासून आहे. फक्त ०.१ कोट्समधे द्या, नाहीतर फ्लोटचा (नेहमीच्या बायनरी दशांश आकड्याचा) कचरा जसाच्या तसा आत येतो.

शून्यवादी: बरं झालं डेसिमल काढलंत. त्यात ओव्हरफ्लोचा ट्रॅप (एरर देणारा सापळा) मुळातच चालू आणि अंडरफ्लोचा बंद. नमपाय या पायथॉनच्या गणिती लायब्ररीमधेही तसंच, ओव्हरफ्लोला वॉर्निंग, अंडरफ्लोला इग्नोर. सगळीकडे एकच खोड.

दशांशचिन्ह: खोड नाही, अनुभव आहे तो. सॉफ्टमॅक्समधे (आकड्यांच्या प्रोबॅबिलिटीज करणारं सूत्र) सगळ्यात मोठा आकडा वजा करून मग एक्स्प घेतात, तिथे फार मागे पडलेल्यांचं शून्य झालेलं हवंच असतं. दर वेळी वॉर्निंग आली तर लोक पहिल्याच दिवशी ती बंद करतील.

शून्यवादी: करू देत की. निदान मुद्दाम बंद केलीये हे कोडमधे दिसेल तरी.