कोअर म्हणजे ठरलेल्या तीन डिव्हिजन नव्हेत

वर कोणीतरी विचारलंय, लष्कराच्या कोअरमध्ये (म्हणजे काही डिव्हिजन एकत्र लढवणाऱ्या मोठ्या दलात) कायम तीनच डिव्हिजन असतात का? नाही. कोअर म्हणजे मुळात एक मुख्यालय. लेफ्टनंट जनरल, त्यांचे स्टाफ अधिकारी, सिग्नल (संदेशवहन), तोफखाना, इंजिनिअर. लढणाऱ्या डिव्हिजन कामगिरी बघून हाताखाली दिल्या जातात, काढूनही घेतल्या जातात.

४ कोअरचंच बघा. ऑक्टोबर १९६२च्या सुरुवातीला आसाममधल्या तेजपूरला घाईघाईत उभी केली आणि त्याच महिन्याच्या २० तारखेला चीनचा हल्ला आला. नीट बसलेली घडी नाही, आणि समोर हिमालयातली लढाई! त्या पराभवाचं खापर नुसतं जवानांवर फोडणं मला अन्यायाचं वाटतं.

हीच कोअर १९७१च्या युद्धात त्रिपुरातून पूर्व पाकिस्तानात (आजच्या बांगलादेशात) शिरली. तेव्हा तिच्याकडे ८, २३ आणि ५७ या माउंटन डिव्हिजन होत्या. डोंगरासाठी उभारलेल्या, पण लढल्या नद्यांच्या मुलखात. कमांडर सगतसिंग. मेघना नदीवरचा आशुगंजचा पूल पाकिस्तान्यांनी उडवल्यावर सगतसिंग थांबले नाहीत. ९ डिसेंबरला एमआय-४ हेलिकॉप्टरांनी जवान मेघनेपलीकडे उतरवायला सुरुवात केली. बाकीचे मिळेल त्या होड्यांनी गेले आणि त्यात स्थानिक लोकांची मोठी मदत झाली. ढाक्याची वाट तिथेच मोकळी झाली.