मदत हवी आहे: कलम ३२(२)ची नोटीस आली आहे, जमीन एकाच खासगी कंपनीला जाणार. हरकत कशी घ्यावी?

सामाईक_गट

नमस्कार. सासरे आणि त्यांचे तीन भाऊ यांच्या सामाईक नावावर २ हेक्टर ४० आर बागायत आहे. महाराष्ट्र औद्योगिक विकास अधिनियम १९६१ च्या कलम ३२(२) खाली प्रांत कार्यालयाची नोटीस आली आहे, म्हणणे मांडायला १५ दिवस. नोटिशीत प्रयोजन 'औद्योगिक विकास' एवढेच आहे. गावच्या बैठकीत मात्र सगळे क्षेत्र एकाच कंपनीच्या कारखान्याला जाईल असे सांगण्यात आले. खासगी कंपनीसाठी ८० टक्के शेतकऱ्यांची संमती लागते ना? हरकतीत नेमके काय लिहायचे? आणि संमतीपत्रावर सही केली तर पुढे वाढीव मोबदला मागता येतो का?

आवक_जावक

ताई, ८० टक्क्यांवर विसंबू नका. ती अट २०१३ च्या भूसंपादन कायद्यातल्या कलम २(२) मध्ये आहे आणि तुमची नोटीस त्या कायद्याखालची नाही. राज्याने २०१८ मध्ये त्यात कलम १०५अ घातले. त्यामुळे औद्योगिक विकास अधिनियमाखालच्या संपादनाला संमतीची अट किंवा सामाजिक परिणामांचे मूल्यांकन लागू होत नाही. मोबदला आणि पुनर्वसनाच्या फायद्याच्या तरतुदी तेवढ्या अधिसूचनेने लागू करता येतात.

'कंपनीसाठी घेतात म्हणून बेकायदा' हा एकच मुद्दा घेऊन गेलात तर हरण्याची शक्यता जास्त. पश्चिम बंगालमधल्या सिंगूरचा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल (३१ ऑगस्ट २०१६) नीट वाचा. ९९७ एकर जमीन टाटांच्या मोटार कारखान्यासाठी घेतली होती. हे सार्वजनिक प्रयोजन होते की नाही यावर दोन न्यायमूर्तींचे एकमत झाले नाही. एकमत झाले ते शेतकऱ्यांच्या हरकतींची चौकशी नीट झाली नाही यावर, आणि जमीन परत करण्याचा आदेश झाला. तो खटला १८९४ च्या कायद्याखालचा होता, पण तुमच्या अधिनियमातही ३२(३) मध्ये म्हणणे विचारात घेणे आणि सुनावणीची संधी देणे बंधनकारक आहे. म्हणून तुमची खरी ताकद या १५ दिवसांच्या कागदात आहे.

चौघांनी चार स्वतंत्र हरकती द्या. एकाच्या सहीने बाकीच्यांचे म्हणणे आले असे धरले जात नाही. प्रत्येकीत गट क्रमांक, क्षेत्र, विहीर, पाइपलाइन, फळझाडांची संख्या आणि वय, घर किंवा गोठा लिहा, सोबत सातबारा, आठ-अ आणि तारखेसह फोटो जोडा. मग मुद्दे. पहिला, प्रयोजन मोघम आहे: ३२(१) च्या (संपादन जाहीर करणाऱ्या) अधिसूचनेत विशिष्ट प्रयोजन नमूद करावे लागते, तेव्हा कोणत्या प्रकल्पासाठी, किती क्षेत्र, कोणाच्या मागणीवरून, हे लेखी मागा. दुसरा, जवळच्या औद्योगिक क्षेत्रात वाटप न झालेले किंवा वापराविना पडून असलेले भूखंड असतील तर त्यांचे क्रमांक द्या. नुसते 'पर्यायी जागा आहे' लिहिलेले एका ओळीत फेटाळले जाते. तिसरा, गटाचा तुकडा उरत असेल तर त्याला रस्ता आणि पाणी कुठून मिळणार.

माहिती अधिकारात प्रस्ताव, नकाशा, कंपनीचा मागणी अर्ज आणि पत्रव्यवहार मागा. उत्तराला ३० दिवस लागतात, म्हणून वाट पाहू नका. हरकतीच्या शेवटी 'कागदपत्रे मिळाल्यावर पूरक हरकत देण्याचा हक्क राखून' असे लिहा. प्रत समक्ष देऊन आवक क्रमांकाची पोच घ्या, शिवाय पोच घेऊन स्पीड पोस्टानेही पाठवा. सुनावणीला गेल्यावर हजेरीची सही आणि रोजनाम्याची (सुनावणीच्या नोंदीची) नक्कल मागायला विसरू नका. सुनावणी झालीच नाही किंवा नावापुरती झाली, हे पुढे सिद्ध करायला तोच पुरावा असतो.

जुना_पेणकर

वेळ काढा. महामुंबई सेझचे (विशेष आर्थिक क्षेत्राचे) संपादन मुदत उलटून बारगळले, तसे हेही बारगळेल.

आवक_जावक

दादा, हा सल्ला इथे घातक आहे. तिथे १८९४ च्या कायद्याचे कलम ११अ होते, २ वर्षांत निवाडा (मोबदला ठरवणारा आदेश) झाला नाही की संपादन संपले. औद्योगिक विकास अधिनियमात तसे कलम नाही. उलट ३२(१) ची अधिसूचना राजपत्रात आली की त्याच दिवसापासून जमीन शासनाची होते, मोबदला ठरलेला नसला तरी. मग ३२(५) खाली ताबा द्यायला ३० दिवस. उच्च न्यायालयात जायचेच असेल तर अधिसूचनेआधी, फार तर लगेच नंतर जा. निवाड्यानंतर आलेली रिट याचिका ऐकू नये असे सर्वोच्च न्यायालयाने अहमदनगर नगरपरिषदेच्या खटल्यात (२०००) म्हटले आहे.

निवाडा_वाचक

मोबदल्याबद्दल लिहितो. औद्योगिक विकास अधिनियमाच्या ३३(२) खाली करार झाला की तोच दर अंतिम होतो, वाढीव मोबदल्याची वाट जवळपास बंद होते. म्हणून सहीआधी हिशेब करा. २०१३ च्या कायद्याप्रमाणे लगतच्या ३ वर्षांतली जवळपासच्या तशाच जमिनींची खरेदीखते घेऊन, त्यातली जास्त किमतीची निम्मी निवडून सरासरी काढतात. इंडेक्स २ च्या (खरेदीखताच्या नोंदीच्या गोषवाऱ्याच्या) नकला दुय्यम निबंधकाकडे मिळतील. त्याला ग्रामीण भागात १ ते २ गुणांक, झाडे, विहीर आणि बांधकामाचे मूल्य वेगळे, आणि एकूण रकमेवर १०० टक्के दिलासा रक्कम (सक्तीने जमीन घेतल्याबद्दलची जादा रक्कम). उदाहरणार्थ एकरी १० लाख सरासरी आणि गुणांक २ असेल तर २० लाख, दिलाशासह ४० लाख. सुचवलेला दर याच्या खाली असेल तर सही करू नका, आणि २०१३ च्या तरतुदी कोणत्या अधिसूचनेने लागू केल्या आहेत हे लेखी विचारा. निवाडा झाला तर रक्कम 'हक्क राखून' असे लिहूनच उचला. औद्योगिक विकास अधिनियमाच्या कलम ३४ खाली न्यायालयाकडे प्रकरण पाठवण्याचा अर्ज ६० दिवसांत करायचा असतो.

सामाईक_गट

सगळ्यांचे आभार. एका चुलत सासऱ्यांनी संमती दिली तर बाकी तिघांचे काय?

आवक_जावक

संमती फक्त त्यांच्या हिश्श्यापुरती. पण वाटप झालेले नसेल तर कोणता भाग त्यांचा यावरून घोळ होतो आणि कार्यालय पूर्ण गटाला संमती धरून चालते. तिघांनी आजच लेखी कळवा: हिस्से अविभक्त आहेत, आमची संमती नाही, आमच्या हिश्श्याचे पैसे अन्य कोणाच्या खात्यावर देऊ नयेत. विकास संस्थेचा (गावच्या सहकारी पतसंस्थेच्या कर्जाचा) बोजा असेल तर त्याचा उताराही सोबत लावा.