गिटार अ‍ॅम्पच्या प्रीअ‍ॅम्प ट्यूब : कुठल्या घेऊ?

प्रश्न (सोलापूर): अ‍ॅम्पमध्ये तीन १२एएक्स७ (गिटारचा बारीक सिग्नल आधी वाढवणाऱ्या प्रीअ‍ॅम्प ट्यूब) आहेत. गेनचा (सिग्नल किती वाढवायचा त्याचा) नॉब वाढवला की शिट्टी वाजते. तिन्ही बदलू?

उत्तर १: तिन्ही कशाला, मालक? इनपुट जॅकजवळची आधी बघा. अ‍ॅम्प चालू ठेवून पेन्सिलीनं प्रत्येकीवर हलकी टिचकी मारा. थोडा आवाज सगळ्याच करतात. जी स्पीकरमधून घणघणते, ती मायक्रोफोनिक, म्हणजे माइकसारखा धक्क्याचा आवाज उचलणारी.

उत्तर २: ईसीसी८३ दिसली तर बिनधास्त घ्या, १२एएक्स७चंच दुसरं नाव आहे. तिचा स्वतःचा गेन १००. क्लीन आवाज हवा असेल तर पहिल्या जागी ५७५१ ही कमी गेनची (७०) ट्यूब लावा. प्रीअ‍ॅम्प ट्यूब बदलल्यावर बायस (ट्यूबचा करंट जुळवणं) करावा लागत नाही.

उत्तर ३: प्लग काढा, ट्यूब गार होऊ द्या, मग सरळ वर ओढा. गरागरा फिरवली की पिना वाकतात. आपल्याकडच्या धुळीनं सॉकेटही खरखरतं, कॉन्टॅक्ट क्लीनर मारा.

प्रश्नकर्ता: पहिलीच घणघणतेय. एकच मागवतो.