क्वीअर डायस्पोरा कादंबऱ्यांत व्हिसा म्हणजेच मोक्ष का?

उंबरठा: परदेशी गेलेल्या समलिंगी माणसांच्या या कादंबऱ्यांचा मला आता कंटाळा यायला लागलाय. घरी घुसमट, लग्नासाठी मागे लागलेली आई, मग व्हिसा आणि तिकडे जाऊन बिनधास्त जगणं. इकडचे सगळे मागास, तिकडचे सगळे उदार, गोऱ्या वाचकाला हेच हवं असतं आणि लेखक तेच पुरवतात. चुकत असेन तर सांगा.

शाईपेन: चुकताय. श्याम सेल्वादुराईंची 'फनी बॉय' (१९९४) घ्या. कोलंबोतला तमिळ मुलगा अर्जी, बहिणींच्या खेळात साडी नेसून नवरी होणारा. घरचे कॅनडाला जातात ते तो गे आहे म्हणून नाही, १९८३च्या तमिळविरोधी दंगलीत घर जाळलं म्हणून, आणि त्याचा सिंहली मित्र शेहान मागेच राहतो. कसला डोंबलाचा मोक्ष? कॅनडा तर पुस्तकात दिसतही नाही.

उंबरठा: एक अपवाद. आणि लिहिलं कॅनडात बसूनच ना?

कपिला: सुनीती नामजोशी कुणीच वाचल्या नाहीत का? आपल्याच की, जन्म मुंबईचा, आयएएस सोडून गेल्या, आईबरोबर गोविंदाग्रजांच्या कविता इंग्रजीत नेल्या. 'कॉन्व्हर्सेशन्स ऑफ काऊ'मध्ये सुनीती नावाच्याच बाईला भद्रावती नावाची ब्राह्मण लेस्बियन गाय भेटते 😄 आणि ती गाय मधेच गोरा पुरुष होते. तिकडे खपायचं तर काय व्हावं लागतं ते यातच आलं, मला तरी घुसमटवाल्या दहा कादंबऱ्यांपेक्षा ही गाय जास्त पटली.

उंबरठा: हे वाचलं नव्हतं, वाचतो. पण कायद्याचं काय? आपल्याकडे समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ मधून सुटायला २०१८ उजाडलं, माणूस पळणारच.

शाईपेन: अहो पण अमेरिकेत १९९० पर्यंत समलिंगी परदेशी माणसाला कायद्यानेच प्रवेशबंदी होती, म्हणजे लपवूनच आत शिरायचं. मोकळेपणाची सुरुवातच खोट्याने.

परतीचंतिकीट: मी गे आहे, बरीच वर्षं बाहेर असतो. इथे येऊन मोकळं वाटलं, अगदी उंबरठा म्हणतात तस्सं, त्यात लाज कसली. पण आईला फोनवर सांगायला मराठीत शब्दच सापडेना, 'समलिंगी' म्हटलं की पेपरातली बातमी वाचतोय असं वाटतं. शेवटी म्हटलं, आम्ही दोघं एकत्र राहतो. ती म्हणाली, बरंय, भाडं अर्धं पडत असेल.

कपिला: आई गं! कळलं होतं का त्यांना?

परतीचंतिकीट: काय माहीत. दर रविवारी विचारते, तो जेवला का.