अनुभव धागा : साइट उघडते, पण बदल सेव्ह होत नाहीत

आपल्याकडे शाळांच्या, मंडळांच्या, पेढ्यांच्या साइट्स म्हणजे एकानं बनवलेल्या, दुसऱ्यानं होस्टिंग बदललेल्या आणि तिसऱ्याच्या गळ्यात पडलेल्या. जाणारा प्रत्येकजण एखादा रिडायरेक्ट, म्हणजे एका पत्त्यावर आलेल्याला दुसऱ्या पत्त्याकडे वळवणारा नियम, मागे ठेवून जातो. वाचणाऱ्याला तो खुपत नाही, पानं उघडतात. खुपतो तो लिहिणाऱ्याला. सातारा-सांगलीकडच्या मंडळींनी आपापले घोळ इथे टाका. 'कॅशे क्लिअर केली आणि झालं' एवढ्यावर भागवू नका, नेमकं काय अडलं होतं ते लिहा.

सांगली, मार्केट यार्ड
अडत पेढीच्या साइटवर हळदीच्या सौद्याचे दर रोज चढवायचे असतात. मध्येच असं व्हायला लागलं की 'अपडेट' दाबलं तर कुरकुर काही नाही, पण पान परत उघडावं तर राजापुरीचा कालचाच दर. गावोगावचे फोन सुरू. शेवटी ब्राउझरची नेटवर्क टॅब उघडली, 'प्रिझर्व्ह लॉग'वर खूण केली आणि पुन्हा सेव्ह केलं. साइट ज्यावर चालते त्या वर्डप्रेसचा एडिटर बदल सेव्ह करायला डब्ल्यूपी-जेसनच्या पत्त्यावर 'पोस्ट' (मजकूर पाठवणारी) विनंती पाठवत होता. सर्व्हर त्यावर 301 (कायमचं वळण) देत होता आणि ब्राउझर शेवटी स्लॅश लावलेल्या पत्त्यावर जात होता, पण 'गेट' (नुसतं पान मागणारी विनंती) बनून. 301 आणि 302 (तात्पुरतं वळण) यांवर ब्राउझर पोस्टचं गेट करतात, सोबतचा मजकूर टाकून देतात. पाकीट पोचतं, आतली चिठ्ठी नाही. एसईओच्या (गूगलमध्ये साइट वर दिसावी याच्या) नावाखाली कुणीतरी 'प्रत्येक पत्त्याला शेवटी स्लॅश' हा नियम घालून ठेवला होता. डब्ल्यूपी-जेसनला त्यातून वगळलं आणि दर चढायला लागले. 308 दिला असता तरी चाललं असतं, त्यात पोस्ट पोस्टच राहते. पण सेव्ह करायच्या वाटेवर रिडायरेक्ट मुळात हवाच कशाला?

सातारा, निवृत्त ग्रंथपाल
हा रोग जुनाच आहे. वाचनालयाची साइट आम्ही फ्रंटपेज 2003 या मायक्रोसॉफ्टच्या साइट बनवायच्या प्रोग्रॅममध्ये करत असू. ते सर्व्हरवरच्या 'एक्स्टेन्शन्स'शी (जोडप्रोग्रॅमांशी) बोलायचं आणि त्या व्हीटीआय-बिन नावाच्या फोल्डरात असत. होस्टिंगवाल्यांनी साधा पत्ता डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूवाल्या पत्त्याकडे वळवला. वाचकांना फरक शून्य. आम्ही 'पब्लिश' केलं की उत्तर यायचं, सर्व्हरवर एक्स्टेन्शन्स दिसत नाहीत. होस्टिंगवाले म्हणत, आहेत की! दोघंही खरंच बोलत होते, विनंती वाटेतच वळत होती. ते फोल्डर नियमातून वगळायला लावलं, पब्लिशचा पत्ता डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूसकट लिहिला, मग गाडी रुळावर आली. फ्रंटपेज स्वतःच्या एचटीअ‍ॅक्सेस (सर्व्हरचे नियम लिहिलेल्या) फायली फोल्डराफोल्डरांत टाकायचं. त्यांना हात लावायचा नाही, अशी तंबी असायची. 2003 नंतर त्याची आवृत्तीच निघाली नाही.

मिरज, तंतुवाद्यांचं दुकान
काकांचं वाचून बरं वाटलं. आमची तर सगळी साइटच फिरत राहिली, 'टू मेनी रिडायरेक्ट्स'. क्रोम असे वीस हेलपाटे घालून थांबतो. गिऱ्हाईक आणि आमचा सर्व्हर यांच्या मध्ये बसणाऱ्या क्लाउडफ्लेअर सेवेत एसएसएलचं (सुरक्षित जोडणीचं) सेटिंग 'फ्लेक्सिबल' होतं. म्हणजे गिऱ्हाईक ते क्लाउडफ्लेअर एचटीटीपीएस, पण तिथून आमच्या सर्व्हरपर्यंत साधं एचटीटीपी. सर्व्हरवरचं प्लगिन दर वेळी म्हणणार, 'एचटीटीपीएसनं या'. ब्राउझर तर आधीच तिथूनच आलेला. प्लगिन बंद करायचं तर लॉगिनचं पानही त्याच फेऱ्यात. सीपॅनेल या होस्टिंगच्या नियंत्रण पानावरच्या फाइल मॅनेजरमधून प्लगिनच्या फोल्डरचं नाव बदललं, तसं ते निकामी झालं आणि आत शिरता आलं. मग सर्व्हरवर सर्टिफिकेट बसवून सेटिंग 'फुल, स्ट्रिक्ट' केलं. तंबोऱ्यांचे नवे फोटो त्या रात्रीच चढवले.

कराड, गणेश मंडळ
आमचं छोटं आहे. 'उत्सव' पान 'उत्सव/2024'कडे वळवायचं होतं. एचटीअ‍ॅक्सेसमध्ये एक ओळ. तर पत्त्यात 2024/2024/2024 अशी आगगाडीच लागली बघा! अपाचे या सर्व्हर प्रोग्रॅमचा साधा 'रिडायरेक्ट' पत्त्याची सुरुवात जुळली की पुरे मानतो आणि उरलेला भाग पुढं चिकटवतो. 'रिडायरेक्टमॅच' वापरून सुरुवात आणि शेवट दोन्ही बांधले, तवा थांबली.

धागाकर्ता
दादा, चाचणीला आधी 302 लावत जा. 301 ब्राउझर लक्षात ठेवतो. मग नियम दुरुस्त केला तरी आपल्याला जुनाच दिसतो आणि आपण नको तिथे खणत बसतो. इनकॉग्निटो खिडकी किंवा कर्ल या कमांडनं नुसते हेडर (उत्तरासोबतचा तपशील) बघणं उत्तम.

वाई, किल्ल्यांवर लिहिणारी
मराठी पत्त्यांचं कुणीच काढलं नाही, म्हणून लिहिते. वर्डप्रेस स्लगसाठी (पत्त्यातल्या पानाच्या नावासाठी) डेटाबेसमध्ये 200 अक्षरांची जागा ठेवतं. देवनागरीचा एक वर्ण टक्के-चिन्हांच्या रूपात नऊ जागा खातो. म्हणजे काना-मात्रा धरून जेमतेम 22 वर्ण. 'वैराटगडाची पावसाळ्यातली चढाई' एवढ्या मथळ्याचंही शेपूट तुटतं. जुन्या साइटवरचे पूर्ण पत्ते नव्या तुटक्या पत्त्यांकडे वळवताना मी टक्केवाली रूपं तशीच नियमात चिकटवली, तर अपाचे टक्क्याचंही पुन्हा टक्के करतं, 25 घुसवतं आणि 404 (पान सापडत नाही). रीराइटच्या नियमाला 'एनई' खूण लावली की ते थांबतं. डाव्या बाजूला मात्र टक्केवालं रूप नाही, सरळ देवनागरीच लिहायचं, कारण तिथे अपाचे उलगडलेला पत्ता जुळवतं. आता मी स्लग रोमन लिपीतच ठेवते. मनाला पटत नाही, पण व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवल्यावर लिंक तरी लिंकसारखी दिसते.

सातारा, शाहूपुरी
आणखी एक राहिलं. एचटीअ‍ॅक्सेसमध्ये 'बिगिन वर्डप्रेस' ते 'एंड वर्डप्रेस' या दोन ओळींच्या मध्ये काही लिहू नका. पर्मालिंकचं (पत्त्यांच्या रचनेच्या सेटिंगचं) पान नुसतं सेव्ह केलं तरी वर्डप्रेस मधला मजकूर नव्यानं लिहितं. आपले नियम त्याच्या वर ठेवावेत. आणि फाइल दिसतच नसेल तर ती लपलेली असते. फाइल मॅनेजरच्या सेटिंग्जमध्ये डॉटफाइल्स दाखवायची खूण करा.

विटा
प्लगिनच्या यादीत माझा एकही रिडायरेक्ट नाही, तरी 'संपर्क' पान पहिल्या पानाकडे जातं. एडिटरमध्ये प्रिव्ह्यू बघायला गेलं तरी तेच. शोधू कुठं?

धागाकर्ता
त्या उत्तराच्या हेडरमध्ये 'एक्स-रिडायरेक्ट-बाय' आहे का बघा. 2019 च्या 5.1 आवृत्तीपासून वर्डप्रेस स्वतः वळवताना तिथे आपलं नाव घालतं, काही प्लगिन त्यांचं घालतात.

विटा
कर्ल मारून बघितलं. 301 आहे, लोकेशन आहे, त्या नावाची ओळच नाही.

धागाकर्ता
मग बहुतेक वर्डप्रेसपर्यंत विनंती पोचतच नाही. सीपॅनेलमध्ये 'डोमेन्स'खाली 'रिडायरेक्ट्स' उघडा.

विटा
सापडला. आधीच्या माणसानं साइट बनवताना लावला होता, 'काम चालू आहे' म्हणून.