बेरी गॉर्डीने मोटाउन नक्की उभं केलं कसं?

सूरवेडा:
सध्या मोटाउनच ऐकतोय, सुप्रीम्स, टेम्प्टेशन्स, स्टीवी वंडर, आणि एवढं सगळं एकाच माणसाच्या रेकॉर्ड कंपनीतून आलं हे डोक्यातून जातच नाहीये. बेरी गॉर्डी आधी बॉक्सर, मग डेट्रॉइटच्या कार कारखान्यात कामगार. १९५९ च्या अमेरिकेत एका कृष्णवर्णीय माणसाला हे जमलं कसं? पैसे कुठून आले?

तबकडी:
पैसे घरचेच. गॉर्डी कुटुंबाचा सामाईक फंड होता, आपल्या भिशीसारखा, त्यातून ८०० डॉलर कर्जाऊ घेतले. त्याआधी त्याचं जॅझ रेकॉर्डचं दुकान बुडालेलं, तरी दिले. पण पैशापेक्षा कारण बघ, तो गायक जॅकी विल्सनसाठी गाणी लिहायचा, गाणी गाजायची आणि याच्या हातात फारसं काही पडायचं नाही, मग त्याचा गायक मित्र स्मोकी रॉबिन्सन त्याच्या मागेच लागला की स्वतःची कंपनी काढ.

साइड बी:
आणि कारखान्याचा अनुभव वाया नाही गेला. लिंकन मर्क्युरीच्या असेंब्ली लाइनवर नुसता सांगाडा आत जातो आणि चकाचक गाडी बाहेर पडते, कलाकारांचं तसंच करायचं हे त्याने तिथेच ठरवलं. वेस्ट ग्रँड बुलेव्हार्डवरच्या घरात स्टुडिओ, गायकांना चालण्याबोलण्याचं, नाचाचं ट्रेनिंग, आणि दर शुक्रवारी क्वालिटी कंट्रोलची मीटिंग, तिथे मतं घेऊनच गाणं बाजारात जायचं. १९६१ मध्ये मार्व्हलेट्स या मुलींच्या ग्रुपचं गाणं पॉप चार्टवर एक नंबरला गेलं, कंपनीचं पहिलं.

खर्जातला:
सगळं मान्य, पण वादकांचं काय? जवळजवळ प्रत्येक हिटवर फंक ब्रदर्स, म्हणजे मोटाउनच्या स्टुडिओतले वादक, वाजवतायत आणि कितीतरी वर्षं कव्हरवर त्यांची नावंच नाहीत, १९७१ मध्ये मार्विन गेच्या अल्बमवर आली तेव्हा कुठे. हॉलंड-डोझियर-हॉलंड हे मोटाउनचं गाणी लिहिणारं त्रिकूट पैशावरूनच भांडून गेलं, कोर्टबाजी झाली. १९७२ ला कंपनी लॉस एंजेलिसला हलली आणि बरेच वादक मागेच राहिले. स्वतःला पैसे मिळाले नाहीत म्हणून ज्याने कंपनी काढली त्याच्याकडून हे व्हावं याचं मला मनापासून वाईट वाटतं.

तबकडी:
हो, ते बोचतंच. मालकीची किंमत मात्र त्याला पक्की कळलेली. १९८८ मध्ये मोटाउन ६ कोटी १० लाख डॉलरला विकलं, पण गाण्यांचे हक्क असलेली जोबेट कंपनी हातची सोडली नाही, आणि १९९७ मध्ये तिचा नुसता अर्धा हिस्सा ईएमआयने १३ कोटी २० लाखांना घेतला.