विषय सोडण्याआधी एफ-१ व्हिसाची अट

अमेरिकेत सत्राच्या पहिल्या आठवड्यांत विषय सोडला तर गुणपत्रिकेवर खूण राहत नाही आणि शुल्कही बहुधा परत मिळते, म्हणून आधी भरपूर विषय घ्यावेत आणि मग नकोसे सोडावेत, हा नेहमी दिला जाणारा सल्ला स्थानिक विद्यार्थ्यांपुरता बरोबर आहे. एफ-१ व्हिसावरील (म्हणजे अमेरिकेत शिकण्यासाठीच्या व्हिसावरील) विद्यार्थ्याला मात्र विद्यापीठाच्या मुदतीबरोबरच पूर्णवेळ नोंदणीची अटही पाळावी लागते. पदवीसाठी ती साधारणपणे प्रति सत्र किमान १२ क्रेडिटची (क्रेडिट म्हणजे विषयाचा अभ्यासभार मोजण्याचे एकक) असते, तर पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी विद्यापीठ ठरवते (बहुतेक ठिकाणी ९). त्यातही पूर्णतः ऑनलाइन असलेला एकच विषय, म्हणजे जास्तीत जास्त ३ क्रेडिट, या मोजणीत धरता येतो, हे अनेकांच्या लक्षात येत नाही.

क्रेडिट या मर्यादेखाली जाणार असतील तर आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयातील डीएसओची (एफ-१ विद्यार्थ्यांसाठी नेमलेल्या विद्यापीठाच्या अधिकाऱ्याची) परवानगी विषय सोडण्यापूर्वीच घ्यावी लागते. विद्यापीठाचे पोर्टल विषय सोडू देते, याचा अर्थ ती परवानगी मिळाली असा होत नाही. चुकीच्या पातळीच्या विषयात नाव नोंदले गेले असेल, तर या कारणासाठी कमी क्रेडिटची मुभा मिळू शकते, पण तेव्हाही निम्मी नोंदणी टिकवावी लागते. प्रतीक्षायादीतील विषय नोंदणीत धरला जात नाही. म्हणून नवीन विषयात जागा पक्की झाल्यावरच जुना सोडावा. पीपलसॉफ्ट या सॉफ्टवेअरवर चालणाऱ्या पोर्टलमध्ये त्यासाठी ‘स्वॅप’ची (विषयांच्या अदलाबदलीची) सोय असते आणि नवीन नोंदणी यशस्वी झाली तरच तिथे जुना विषय निघतो.